वाचकांचे प्रश्न : एक इलेक्ट्रॉन आणि लाखभर अणुकेंद्रे

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच एकाच विषयाभोवतीचे आहेत : क्वांटम डॉटमध्ये अडकवलेला एक इलेक्ट्रॉन, त्याच्या भोवतीची अणुकेंद्रे आणि प्रकाशाच्या मदतीने त्यांच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्यांना इवल्या चुंबकासारखे बनवणाऱ्या अंगभूत फिरकीमध्ये, घडवून आणलेली देवाणघेवाण. इतर विषयांवरील प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सगळे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम डॉटसाठी देण्यात आले आणि टीव्हीच्या पडद्यांतही हे डॉट वापरतात, असे वाचले. ज्यांच्यातील इलेक्ट्रॉनचा स्पिन लेसरने वळवतात, ते डॉट हेच का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, सांगली)

तत्त्व एकच आहे, वस्तू वेगळी आहे. अर्धवाहकाचा कण इतका लहान केला की त्यातील इलेक्ट्रॉनला मोकळेपणाने हिंडायला जागाच उरत नाही, तर त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या अणूतील पातळ्यांसारख्या सुट्या सुट्या होतात. अलेक्सी एकिमॉव्ह यांनी हे रंगीत काचेत पाहिले, लुई ब्रूस यांनी द्रावणात तरंगणाऱ्या कणांत पाहिले आणि मुंगी बावेंडी यांनी असे कण एकसारख्या आकाराचे करण्याची रीत बसवली. टीव्हीतील डॉट या घराण्यातले आहेत.

स्पिनच्या प्रयोगांतील डॉट मात्र बहुधा स्फटिकाच्या पोटातच वाढवलेले असतात. अतिउच्च निर्वातात गॅलियम आर्सेनाइडच्या स्वच्छ पृष्ठभागावर इंडियम आर्सेनाइडचे अणू थराथराने बसवले जातात. इंडियम आर्सेनाइडमधील अणूंचे परस्परांपासूनचे अंतर सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असल्यामुळे हा थर दाटीवाटीने बसतो, ताण साठत जातो, आणि दीड-दोन थरांनंतर सपाट राहण्यापेक्षा लहान लहान उंचवटे होऊन बसणेच ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे ठरते. हे उंचवटे वरून पुन्हा गॅलियम आर्सेनाइडने झाकले की डॉट तयार होतात. त्यांची रुंदी साधारण २० ते ३० नॅनोमीटर, उंची काही नॅनोमीटर, आणि प्रत्येकाच्या आत दहा हजारांपासून लाखापर्यंत अणू असतात. वाढीच्या वेळी साठलेला ताण स्फटिकात कायम राहतो आणि त्याचा विचार पुढे एका उत्तरात करावा लागणार आहे.

नमुना ४ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याला योग्य विद्युतदाब दिला, की डॉटमध्ये नेमका एक जादा इलेक्ट्रॉन बसवता येतो. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या स्पिनच्या दोन दिशांची ऊर्जा वेगवेगळी होते, आणि त्या दोन स्थिती म्हणजेच एक क्वांटम बिट. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील योशिहिसा यामामोतो यांच्या गटाने काही पिकोसेकंदांच्या लेसर-स्पंदांनी अशा एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन हव्या त्या दिशेला वळवून दाखवला. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या वेगाने काम करता येणे हे प्रकाशाचे मोठे बलस्थान आहे, आणि म्हणूनच भोवतीची अणुकेंद्रे ही जणू या सगळ्या बेताच्या आड आलेली अडचण आहे, असे बराच काळ मानले गेले.

प्रश्न : अणुकेंद्राचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या तुलनेत हजारपटींनी दुबळे असते, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग इतक्या दुबळ्या चुंबकांमुळे इलेक्ट्रॉनचा स्पिन बिघडतो, तो कसा? (पदार्थविज्ञानाच्या शिक्षिका, सातारा)

आपण शिकवता ते अचूक आहे. प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट असल्यामुळे अणुकेंद्राचे चुंबकीय आघूर्ण त्याच प्रमाणात लहान असते. दोन लोहचुंबक एकमेकांपासून दूर ठेवले आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर हा परिणाम नगण्य ठरेल. परंतु डॉटमधील इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांपासून दूर उभा नसतो. त्याचा तरंग संपूर्ण डॉटभर पसरलेला असतो आणि प्रत्येक अणूजवळ तो असा उसळतो की ऐन अणुकेंद्राच्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची घनता सरासरीच्या हजारो पट होते. एन्रिको फर्मी यांनी १९३० मध्ये दाखवून दिले की ज्या इलेक्ट्रॉनचा तरंग प्रत्यक्ष अणुकेंद्रावर शून्य नसतो, त्याची अणुकेंद्राच्या स्पिनशी थेट स्पर्शाची आंतरक्रिया होते आणि तिची ताकद त्या जागेच्या घनतेवर ठरते. अर्धवाहकाच्या वहनपट्ट्याच्या, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याच्या, तळाशी असलेला इलेक्ट्रॉन अणूतील गोलाकार एस-कक्षेसारखा वागतो, त्यामुळे ही अट त्याच्या बाबतीत पूर्णपणे लागू पडते.

आता संख्या पाहू. गॅलियम आर्सेनाइडमधील सगळ्या अणुकेंद्रांचे स्पिन एकाच दिशेला लावले, तर इलेक्ट्रॉनला सुमारे ५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र जाणवेल. एवढे क्षेत्र निर्माण करायला एरवी अतिवाहक चुंबक लागतो. डॉटमध्ये एक लाख अणुकेंद्रे धरली, तर प्रत्येकाचा वाटा सुमारे ५० मायक्रोटेस्ला येतो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राएवढा. एकेकटे अणुकेंद्र खरोखरच दुबळे आहे. पण आपण काही केले नाही, तर ही लाखभर अणुकेंद्रे वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात, आणि त्यांची बेरीज शून्य येत नाही. एक लाख नाणी उडवली, तर छापा आणि काटा यांत नेमका शून्याचा फरक क्वचितच पडेल. तो साधारणपणे एक लाखाच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे तीनशेच्या आसपास पडेल. तसाच इथेही एका टक्क्याचा काही दशांश भाग शिल्लक राहतो आणि त्याचे मोल होते दहा ते वीस मिलिटेस्ला. हे उरलेले क्षेत्र प्रत्येक डॉटमध्ये निराळे असते, त्याच डॉटमध्ये काही वेळाने पुन्हा निराळे होते, आणि त्याची दिशा व परिमाण आपल्याला आधी माहीत नसते. त्या क्षेत्राभोवती इलेक्ट्रॉनचा स्पिन भोवऱ्याच्या आसासारखा फिरतो, म्हणजे परांचन करतो, आणि काही नॅनोसेकंदांतच तो कोठवर फिरला हे सांगता येईनासे होते. इगोर मेर्कुलोव्ह, अलेक्झांडर एफ्रोस आणि मर्विन रोझेन यांनी २००२ मध्ये या हिशेबाची स्वच्छ मांडणी केली.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. डॉट जितका लहान, तितका हा त्रास जास्त असतो. दहा हजार अणुकेंद्रांच्या डॉटमध्ये वर्गमूळ लहान येते खरे, पण प्रत्येकाचा वाटा दहापट होतो आणि शिल्लक क्षेत्र पन्नास मिलिटेस्लाच्या घरात जाते. बाहेरून एखाद-दोन टेस्लाचे क्षेत्र लावले, तर अणुकेंद्रांच्या क्षेत्राचा आडवा भाग निष्प्रभ होतो आणि इलेक्ट्रॉन आपोआप उलटणे थांबते. परंतु बाहेरच्या क्षेत्राला समांतर असलेला भाग त्यात मिळतच राहतो, आणि परांचनाच्या वेगातील अनिश्चितता तशीच उरते.

प्रश्न : मग डॉट आणखी थंड करून अणुकेंद्रे स्थिर का करत नाहीत? (वाचक, अमरावती)

अणुकेंद्राच्या स्पिनला १ टेस्लाच्या क्षेत्रात उलटायला जी ऊर्जा लागते, ती साधारण १० मेगाहर्ट्झ वारंवारतेशी जुळणारी आहे. तापमानाच्या भाषेत ती अर्ध्या मिलिकेल्विनएवढी होते. द्रव हेलियमच्या ४ केल्विन तापमानाला, त्यामुळे, एका दिशेला झुकलेल्या अणुकेंद्रांचे आधिक्य दहा हजारांत एखाद-दुसरे इतकेच असते. सगळी अणुकेंद्रे केवळ गारव्याने एका दिशेला लावायची, तर तापमान मिलिकेल्विनच्याही खाली न्यावे लागेल आणि त्याच वेळी डॉटवर लेसर पाडत राहावे लागेल. हे दोन्ही एकत्र जमणे कठीण असल्यामुळे लेसरनेच थंड करण्याचा मार्ग निवडला गेला, आणि पुढचा प्रश्न नेमका त्याविषयीच आहे.

प्रश्न : लेसरचा प्रकाश अणुकेंद्रांच्या स्पिनला दिशा देऊ शकतो, असे एका व्याख्यानात ऐकले. दृश्य किंवा अवरक्त प्रकाशाचा अणुकेंद्राच्या स्पिनशी थेट संबंध येत नाही, अशी माझी समजूत होती. (निवृत्त अभियंता, नाशिक)

आपली समजूत योग्यच आहे. प्रकाश इलेक्ट्रॉनवर काम करतो आणि इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांवर. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचा प्रत्येक फोटॉन कोनीय संवेगाचे एक एकक घेऊन येतो, आणि अर्धवाहकातील निवडनियमांमुळे त्यातून ठरावीक दिशेचा स्पिन असलेला इलेक्ट्रॉन तयार करता येतो. स्पर्शाच्या आंतरक्रियेत इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र आपापले स्पिन एकमेकांशी बदलू शकतात : इलेक्ट्रॉन खाली वळतो, अणुकेंद्र एक पायरी वर चढते, आणि एकूण कोनीय संवेग तेवढाच राहतो. लगेच लेसर इलेक्ट्रॉनला पुन्हा पहिल्या दिशेला आणतो आणि तोच व्यवहार दुसऱ्या अणुकेंद्राशी होतो. हे असंख्य वेळा घडत गेले, की प्रकाशाने आणलेला संवेग अणुकेंद्रांत साठत जातो. डॉट रिकामा असेल, तर हा साठा मिनिटेच काय, तासही टिकू शकतो. इलेक्ट्रॉन आत असेल, तर मात्र तोच हा साठा काही मिलिसेकंदांत उधळूनही लावतो.

यात एक अडथळा आहे. १ टेस्लाच्या क्षेत्रात गॅलियम आर्सेनाइडमधील मोकळ्या इलेक्ट्रॉनला उलटायला सुमारे ६ गिगाहर्ट्झ वारंवारतेएवढी ऊर्जा लागते आणि अणुकेंद्राला तिचा सुमारे सहाशेवा भाग पुरतो. हा फरक कोणीतरी भरून काढल्याशिवाय अदलाबदल होऊ शकत नाही. तो फरक शोषला किंवा सोडला जाणारा प्रकाशच भरून काढतो, आणि म्हणूनच एकेक अदलाबदल विरळा घडते. शिवाय अणुकेंद्रे जसजशी एका बाजूला झुकतात, तसतसे त्यांचे एकत्रित क्षेत्र बाहेरच्या क्षेत्रात मिळते किंवा त्यातून वजा होते, इलेक्ट्रॉनच्या दोन पातळ्यांतील अंतर बदलते आणि त्यामुळे अदलाबदलीचा वेगही बदलतो. कार्याचा परिणाम असा कारणावरच उलटून येत असल्याने, लेसर तोच आणि बाहेरचे क्षेत्र तेच असूनही, आपण कोणत्या बाजूने त्या परिस्थितीत आलो त्यानुसार अणुकेंद्रे दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिरावलेली दिसतात.

या कल्पनेचे मूळ डॉटपेक्षा कितीतरी जुने आहे. १९५३ मध्ये अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी धातूंबाबत मांडले की इलेक्ट्रॉनचे स्पिन सूक्ष्मतरंगांनी ढवळले, तर अणुकेंद्रांचे ध्रुवीभवन, म्हणजे एका दिशेला झुकण्याचे प्रमाण, अनेक पटींनी वाढेल. ब्लॉख, राबी, परसेल आणि रॅम्झी यांच्यासारख्या जाणकारांनाही ते सुरुवातीला पटले नव्हते. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात थॉमस कार्व्हर आणि चार्ल्स स्लिक्टर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ते खरे असल्याचे दाखवले. अणूंच्या पातळ्यांमधील इलेक्ट्रॉन प्रकाशाने एका बाजूला सरकवण्याच्या पद्धतीबद्दल आल्फ्रेड कास्तलर यांना १९६६ चे नोबेल मिळाले, आणि १९६८ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज लांपेल यांनी या दोन्ही कल्पना जुळवून सिलिकॉनमधील अणुकेंद्रांना प्रकाशाने दिशा दिली. अणुकेंद्रांच्या या एकत्रित क्षेत्राला आजही ओव्हरहाउझर क्षेत्र म्हणतात. एकेकट्या डॉटच्या बाबतीत अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील डॅनियल गॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९० च्या दशकापासूनचे काम पायाभूत आहे. डॉटमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या जोडरेषांमधील अंतर मोजून त्यांनी आतल्या अणुकेंद्रांचे क्षेत्र वाचले. त्या काळी सुमारे ६० टक्के ध्रुवीभवनही मोठे वाटे; शेफील्ड विद्यापीठातील गटाने अलीकडे गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये ते ९५ टक्क्यांच्या वर नेले आहे.

प्रश्न : रुग्णालयातील एमआरआयमध्येही अणुकेंद्रांचे स्पिनच वापरतात ना? मग त्याच तंत्राने डॉटमधील अणुकेंद्रे का मोजत नाहीत? (डॉक्टर, कोल्हापूर)

मूलतत्त्व तेच आहे, अडचण संख्येची आहे. शरीरातील पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये सहा कोटी कोटींच्या लाखभर पट हायड्रोजन अणुकेंद्रे असतात, तेव्हा कुठे भोवतीच्या वेटोळ्यात मोजण्याजोगा विद्युतसंकेत उमटतो. एका डॉटमधील लाखभर अणुकेंद्रांचा संकेत अशा वेटोळ्याला जाणवणारही नाही. म्हणून रेडिओ तरंगांनी अणुकेंद्रे हलवायची आणि त्याचा परिणाम डॉटच्या प्रकाशातून वाचायचा, अशी जोडपद्धत वापरतात. रेडिओ फोटॉनच्या जागी प्रकाशाचा फोटॉन मोजायला मिळाल्याने संवेदनक्षमता प्रचंड वाढते.

या निमित्ताने मुंबईचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखवले, आणि त्यातून रसायनशास्त्राला रेणूंची रचना वाचण्याचे साधन मिळाले. त्यांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे या विषयाच्या संशोधनाची पायाभरणी केली.

प्रश्न : या इलेक्ट्रॉनच्या स्पिनची सुसंगती एके ठिकाणी काही नॅनोसेकंद, दुसरीकडे काही मायक्रोसेकंद आणि तिसरीकडे मिलिसेकंदाचा दहावा भाग टिकते, असे वाचले. यांतले खरे कोणते? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

तिन्ही खरे आहेत, कारण ती तीन वेगळ्या मोजमापांची उत्तरे आहेत. स्पिन उलटून खालच्या पातळीवर यायला लागणारा काळ तर त्याहूनही मोठा आहे. म्युनिकमधील प्रयोगांत ४ टेस्ला क्षेत्रात आणि १ केल्विन तापमानाला तो २० मिलिसेकंदांच्या वर असल्याचे २००४ मध्येच दिसले होते. तो काळ बाजूला ठेवून इथे फक्त परांचनाच्या कलेबद्दल, म्हणजे फिरता फिरता स्पिन कोठवर आला आहे याबद्दल, बोलू; ती किती काळ सांगता येते, तीच सुसंगती.

नॅनोसेकंदांचा आकडा असा येतो : इलेक्ट्रॉनचा स्पिन आडवा करायचा, फिरू द्यायचा, मोजायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची. दर वेळी अणुकेंद्रांचे क्षेत्र निराळे असल्याने दर वेळचा फिरण्याचा वेग निराळा असतो आणि सरासरीत सगळे पुसले जाते. परंतु एका फेरीपुरते पाहिले, तर अणुकेंद्रे जवळजवळ स्थिर उभी असतात. इलेक्ट्रॉन गिगाहर्ट्झच्या गतीने फिरतो, अणुकेंद्रे मेगाहर्ट्झच्या गतीने, आणि अणुकेंद्रांच्या आपापसांतील देवाणघेवाणीला तर शेकडो मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे या पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉनची माहिती नष्ट झालेली नसते, केवळ आपल्याला क्षेत्र ठाऊक नसल्यामुळे ती वाचता येत नाही. मधोमध एक स्पंद देऊन स्पिन उलटा केला, तर पूर्वार्धात क्षेत्रामुळे जितकी कला पुढे गेली, तितकीच ती उत्तरार्धात मागे येते आणि शेवटी सगळे पुन्हा जुळते. हा स्पिन-प्रतिध्वनी. यामामोतो यांच्या गटाने २०१० मध्ये प्रकाशाच्या स्पंदांनी तो घडवून २.६ मायक्रोसेकंदांचा काळ मिळवला.

मग पुढे काय आडवे आले? इथे पहिल्या उत्तरातील ताण परत येतो. गॅलियम, आर्सेनिक आणि इंडियम यांची अणुकेंद्रे गोल नसतात. ताणलेल्या स्फटिकात विद्युतक्षेत्र जागोजागी बदलत असल्याने प्रत्येक अणुकेंद्राच्या परांचनाचा आस आणि वेग थोडाथोडा निराळा होतो, ओव्हरहाउझर क्षेत्र मेगाहर्ट्झच्या गतीने डुलू लागते, आणि असे डुलणे एका साध्या प्रतिध्वनीने रद्द होत नाही. गंमतीचा भाग असा की हाच ताण दुसऱ्या बाजूने उपकारकही आहे : शेजारशेजारच्या अणुकेंद्रांच्या वारंवारता जुळत नसल्यामुळे ती आपापसांत स्पिन बदलू शकत नाहीत, आणि त्यांची स्वतःची सुसंगती मिलिसेकंदांपर्यंत टिकते. तेव्हा ताण चांगला की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. इलेक्ट्रॉनसाठी तो वाईट आहे.

तिसरा आकडा बिनताणाच्या डॉटचा आहे. अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर अॅल्युमिनियमचे थेंब ठेवले, तर ते खालचा स्फटिक खाऊन नॅनोमीटरच्या मापाचे खड्डे पाडतात. हे खड्डे गॅलियम आर्सेनाइडने भरले की अणूंची अंतरे जवळजवळ सारखीच असल्यामुळे ताण राहत नाही. ऑस्ट्रियातील लिंझ येथे वाढवलेल्या अशा डॉटवर केंब्रिजच्या गटाने २०२३ मध्ये अनेक उलटवणाऱ्या स्पंदांची मालिका वापरून सुमारे ०.११ मिलिसेकंदांची सुसंगती मिळवली.

आपण संशोधन करत आहात, म्हणून दुसरी वाटही सांगतो. प्रतिध्वनीने अनिश्चितता नंतर रद्द केली जाते; त्याऐवजी अणुकेंद्रांचे क्षेत्रच आधी एका ठरावीक मूल्यावर आणून ठेवले तर? माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत सुंदर प्रयोग या वाटेवरचा आहे. २००७ मध्ये डॉर्टमुंड येथे अलेक्स ग्राइलिक, मान्फ्रेड बायर आणि सहकाऱ्यांनी असंख्य डॉटवर ठरावीक अंतराने लेसरचे स्पंद सोडले. ज्या डॉटमधील इलेक्ट्रॉन दोन स्पंदांच्या मध्ये पूर्ण संख्येइतके फेरे पुरे करत होता, त्याला पुढचा स्पंद धक्काच लावत नव्हता आणि तिथली अणुकेंद्रे जशीच्या तशी राहत होती. ज्याचे फेरे अपुरे पडत, तिथे प्रकाश इलेक्ट्रॉनला आणि इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांना हलवत राही, जोवर त्यांचे क्षेत्र बदलून फेरे जुळत नाहीत तोवर. काही काळाने सगळ्या डॉटमधील अणुकेंद्रांनी स्वतःला लेसरच्या ठेक्याशी जुळवून घेतले होते, आणि अंधारात ही जुळवणी कित्येक मिनिटे टिकून होती. २००९ मध्ये मिशिगन आणि झुरिक येथील गटांनी एकेकट्या डॉटवर अखंड लेसरने असेच क्षेत्र जखडून दाखवले. झुरिकच्या प्रयोगात तर लेसरची वारंवारता हळूहळू बदलली, तरी डॉटची शोषणरेषा तिच्या मागोमाग सरकत राहिली. बाझल विद्यापीठाच्या गटाने बिनताणाच्या डॉटमध्ये या मार्गाने प्रतिध्वनीशिवायचा काळ सुमारे दीडशे पटींनी वाढवून ६०८ नॅनोसेकंदांवर नेला. आपल्या प्रयोगात कोणता आकडा उद्धृत करायचा, हे ठरवताना स्पंद किती दिले आणि अणुकेंद्रे आधी तयार केली होती की नाही, या दोन गोष्टी सोबत लिहिल्याच पाहिजेत.

प्रश्न : अणुकेंद्रीय स्पिन नसलेला पदार्थच का वापरत नाहीत? (वाचक, मडगाव)

सिलिकॉनमध्ये ते शक्य आहे. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये स्पिन असलेले सिलिकॉन-२९ हे समस्थानिक ५ टक्क्यांहून कमी असते आणि ते काढून टाकता येते. गॅलियम, इंडियम आणि आर्सेनिक यांचे मात्र एकही स्थिर समस्थानिक स्पिनविरहित नाही, त्यामुळे शुद्धीकरणाने काहीच साधत नाही. तरीही हे पदार्थ सोडवत नाहीत, कारण सिलिकॉन प्रकाश देण्याच्या कामी अगदी कमजोर आहे, तर गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यातील डॉट नॅनोसेकंदाच्या आत एकेक शुद्ध फोटॉन देतात. स्पिनमधली माहिती दूरवर पाठवायची असेल, तर हा गुण सोडून चालत नाही.

मधला एक मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनऐवजी होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली आणि धनभारित कणासारखी वागणारी रिकामी जागा, वापरणे. होलचा तरंग पी-कक्षेसारखा असल्यामुळे अणुकेंद्राच्या जागी तो शून्य होतो, स्पर्शाची आंतरक्रिया नाहीशी होते आणि चुंबकीय आघूर्णांमधील दुरून होणारी आंतरक्रिया तेवढी उरते, जी साधारण दहापट दुबळी आहे. त्याच्या बदल्यात होलला विद्युतक्षेत्रातील चढउतार अधिक जाणवतात. शांत इलेक्ट्रॉनिक परिसर मिळत असेल तर होल, आणि अणुकेंद्रांचा उपयोग करून घ्यायचा असेल तर इलेक्ट्रॉन, अशी निवड मी सुचवीन.

प्रश्न : हीच अणुकेंद्रे क्वांटम माहिती साठवण्यासाठी वापरता येतील, असे अलीकडे वाचले. जी बिघडवतात, त्यांच्यातच माहिती ठेवायची, हे कसे शक्य आहे? (वाचक, ठाणे)

ज्या आंतरक्रियेमुळे इलेक्ट्रॉनची माहिती अणुकेंद्रांत हरवते, ती दोन्ही दिशांनी चालते. नियंत्रण हाती आले, तर त्याच मार्गाने माहिती आत ठेवता आणि परत काढता येईल, हे जेकब टेलर, चार्ल्स मार्कस आणि मिखाइल लुकिन यांनी २००३ मध्येच गणिताने दाखवले होते. अणुकेंद्रे दीर्घकाळ सुसंगती राखतात, आणि डॉट तयार करताना ती फुकटच मिळालेली असतात.

साठवण मात्र एका अणुकेंद्रात होत नाही. इलेक्ट्रॉनचा तरंग सगळ्यांवर पसरलेला असल्याने त्याने दिलेला एक स्पिन-पालट हजारो अणुकेंद्रांत मिळून वाटला जातो. नेमके कोणते उलटले हे निसर्गातही ठरलेले नसते. अशा सामूहिक पालटाला मॅग्नॉन म्हणतात, आणि सगळी अणुकेंद्रे एकदिलाने भाग घेत असल्यामुळे त्याची इलेक्ट्रॉनशी जोड एकेकट्या अणुकेंद्राच्या जोडीपेक्षा संख्येच्या वर्गमुळाइतकी बळकट असते. जे वर्गमूळ वरच्या एका उत्तरात त्रासाचे माप म्हणून आले, तेच इथे उपयोगी पडते. यासाठी अणुकेंद्रे आधी शांत करावी लागतात, नाही तर एकाचा पालट बाकीच्यांच्या गोंधळात ओळखूच येणार नाही. केंब्रिजमध्ये मेटे अतातुरे यांच्या गटाने २०१९ मध्ये लेसरने अणुकेंद्रांची अनिश्चितता कमी केली आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन वळवणाऱ्या प्रकाशाची वारंवारता एका अणुकेंद्रीय पालटाच्या ऊर्जेइतकी बाजूला सरकवून असे एकेक मॅग्नॉन निर्माण केले.

पुढची पायरी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच गटाने बिनताणाच्या डॉटमधील सुमारे १३,००० अणुकेंद्रे प्रथम अशा एका सामूहिक स्थितीत आणली, जी इलेक्ट्रॉनशी आपण होऊन देवाणघेवाण करत नाही. मग इलेक्ट्रॉनची क्वांटम स्थिती त्यांच्यात लिहिली, काही काळ ठेवली आणि परत वाचली. परत मिळालेल्या स्थितीची अचूकता सुमारे ६९ टक्के होती. क्वांटम स्मृती नसतानाही केवळ मोजून लिहून ठेवण्याच्या उपायाने दोन-तृतीयांशापर्यंत पोचता येते, त्यामुळे ही वाढ बेताची आहे. पण ती सीमा ओलांडली गेली, हे महत्त्वाचे. साठवणीचा काळ १३० मायक्रोसेकंदांचा होता. तेवढ्या वेळात प्रकाश काचतंतूतून सुमारे २६ किलोमीटर जातो. फोटॉन पोचल्याची खबर परत यायची वाट पाहायची असेल, तर दोन ठाण्यांमधील अंतर त्याच्या निम्मे धरावे लागेल.

दोन कामे उरली आहेत आणि दोन्ही अवघड आहेत. अणुकेंद्रांवरही प्रतिध्वनीचे तंत्र वापरून साठवणीचा काळ मिलिसेकंदांपर्यंत न्यायचा आहे. त्यासाठी रेडिओ स्पंद हवेत आणि त्यांनी नमुना तापता कामा नये. दुसरे काम मला अधिक अवघड वाटते. माहिती अणुकेंद्रांत ठेवण्याचा हेतूच हा आहे की दरम्यान इलेक्ट्रॉन मोकळा होऊन नवा फोटॉन देऊ शकेल. पण फोटॉन देण्यासाठी इलेक्ट्रॉनला लेसरने उत्तेजित केले, की त्याचे अणुकेंद्रांवर पडणारे क्षेत्र त्या क्षणापुरते बदलते, आणि ते डॉटच्या मध्यभागी जास्त व कडेला कमी बदलत असल्याने मॅग्नॉनमधील अणुकेंद्रे एकमेकांशी फटकून फिरू लागतात. प्रत्येक उत्तेजना नॅनोसेकंदाहून कमी काळ टिकते, हे दिलासा देणारे आहे. किती फोटॉन दिल्यानंतरही साठवलेली स्थिती वाचण्याजोगी राहते, हे प्रत्यक्ष मोजून पाहावे लागेल.